पितळी देव रात्रभर लिंबू-मिठात ठेवू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मोबाइलवर एक सल्ला सारखा फिरतो. पितळी देव काळे पडले म्हणजे घराला दृष्ट लागली. लिंबू-मीठ चोळून रात्रभर ठेवावेत, सकाळी संडासाच्या ॲसिडने धुवावेत. झिजलेले देव घरात ठेवू नयेत, नदीत सोडावेत. यातलं एकही ऐकू नये.

आधी दृष्टीचं. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, त्यात बहुधा ६० ते ७० टक्के तांबं. हवा, ओल आणि बोटांचा घाम लागला की त्यावर काळपट थर चढतो. म्हणून खानापूरच्या पावसात देव लवकर काळवंडतात, अथणीच्या कोरड्या हवेत उशिरा. आणि पुष्कळदा तो थर धातूचा नसतोच, समईची आणि कापराची तेलकट काजळी असते. तिच्यावर आंबट काही चालत नाही. ती कोमट पाणी आणि रिठ्याने निघते.

लिंबू-मिठाने खरं नुकसान होतं. आम्ल आणि मीठ मिळून पितळातलं जस्त आधी खातात, वर सच्छिद्र तांबं उरतं. सकाळी मूर्ती गुलाबी-लालसर दिसते, ती उजळलेली नसते, खाल्लेली असते. हा रंग धुऊन जात नाही. घासून काढायचा तर मूर्तीच झिजते. कानाकोपऱ्यांत राहिलेलं मीठ पावसाळ्यात हिरवे ठिपके देतं. संडासाच्या ॲसिडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, ते हेच काम काही मिनिटांत करतं.

देव असे उजळावेत. लिंबाएवढी चिंच अर्धी वाटी कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवून कोळ गाळून घ्यावा, रेषा आणि चिंचोका राहू देऊ नये. रिठ्याच्या पाण्याने काजळी काढल्यावर कोळ कापसाने लावून २-३ मिनिटं हलक्या हाताने फिरवावा. दाढीचा मऊ ब्रश मुकुटाच्या आणि दागिन्यांच्या खाचांत चालतो. लगेच भरपूर पाण्याने धुवावं. मग लिटरभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून त्यात मूर्ती बुडवून काढावी, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. पुन्हा साधं पाणी, सुती कापड, आणि अर्धा तास ऊन.

पोकळ मूर्ती असेल तर बैठकीखालचं भोक खाली करून ठेवावी. आत पाणी राहिलं की आठवड्याभरात बुडाला हिरवं येतं, आणि दोष चिंचेला जातो.

रांगोळी, राख, विटेची भुकटी, तारेची घासणी नको. मूर्तीची ओळख तिच्या खुणांत आहे: अन्नपूर्णेच्या हातची पळी, रांगत्या बाळकृष्णाचा लोण्याचा गोळा, गणपतीचा मोदक, घंटेवरचा गरुड किंवा मारुती. दर सणाला भुकटीने घासत गेलं तर आधी नाक-डोळे जातात, मग पळी. अन्नपूर्णा सासरी नेलेली असते, पुढच्या पिढीला द्यायची असते. तिचा चेहरा सपाट करून मिळवलेली चकाकी काय कामाची?

नव्या मूर्तीवर पुष्कळदा पारदर्शक लेप असतो. पाठीवर कोळाचा थेंब ठेवून मिनिटभराने पुसावा. रंग उजळला नाही तर लेप आहे असं समजावं आणि तिला चिंच लावू नये, ओलं कापड पुरे. मुद्दाम काळसर केलेल्या मूर्तीलाही चिंच नको, ती छटा जाते. लोहचुंबक चिकटला तर आत लोखंड आहे, तिला पाण्यापासून जपावं.

पंचामृताचा अभिषेक झाल्यावर मूर्ती तशीच ठेवू नये, दही आंबट असतं. नवरात्रात देव घटी बसले की बऱ्याच घरांत हलवत नाहीत, म्हणून उजळणं आदल्या दिवशीच उरकावं. शेवटी तिळाच्या तेलाचं एकच बोट फिरवून पूर्ण पुसून घ्यावं. तेल राहिलं तर धूळ बसून चिकट किटण होतं.

आणि मलप्रभेसारख्या नदीत सोडण्याचं. झीज म्हणजे भंग नव्हे, झिजलेली मूर्ती पूजेत राहू शकते. हात सुटला असेल तर जाणत्या कारागिराकडून झाळून घेता येतो. फारच झिजली असेल तर ओतारी तीच धातू वितळवून नवी मूर्ती ओतून देतो. नदीच्या तळाला पितळ विरघळत नाही, गाळात पडून राहतं.