अरॅक्नी हरलीच नव्हती

आज भाची शाळेतून एक ग्रीक गोष्ट ऐकून आली. अरॅक्नी नावाच्या मुलीने आपल्या विणकामाचा गर्व केला, अथेना देवीशी विणण्याची स्पर्धा लावली, म्हणून देवीने तिला कोळी करून टाकलं. तात्पर्य, गर्वाचं घर खाली. भाचीने मला एवढंच विचारलं, "मावशी, पण जिंकलं कोण?"

पोळ्या तशाच टाकून लिहायला बसलेय.

लिडियातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, एका रंगाऱ्याची ही पोर. आई गेलेली, घराणं नाही, जे काही होतं ते बोटांत. देवांनी रूप पालटून फसवलेल्या बायका तिने मागावर विणल्या. बैल झालेल्या देवराज झ्यूसने पळवलेली युरोपा, हंसाच्या पंखांखालची लीडा. आणि अथेनाने काय विणलं? स्वतःचा विजय! वर चार कोपऱ्यांत देवांशी बरोबरी करणाऱ्यांना झालेल्या शिक्षा. ही गोष्ट सांगणाऱ्या रोमन कवी ऑव्हिडने स्पष्ट लिहिलंय, अरॅक्नीच्या कामात अथेनालाच काय, मत्सरालाही खोट काढता आली नसती. मग देवीने ते कापड टराटरा फाडलं आणि धोटा पोरीच्या कपाळावर हाणला. तीनदा, चारदा.

सातवीत मी रुमालावर कमळं भरली होती, साखळी टाक्याची. शिवणाच्या बाई म्हणाल्या, "इतकी सफाई तुझ्या हातची नाही." सगळ्या वर्गासमोर कात्रीने उसवायला लागल्या. एक टाका चुकला असता तर मी वाचले असते!

अरॅक्नी उद्धट होती, मान्य. म्हातारीच्या वेषात समजवायला आलेल्या देवीला तिने हाकलून दिलं. मीही बाईंना उलट उत्तर दिलं होतं. म्हणून रुमाल कापायचा?

ऑव्हिडच्याच दुसऱ्या गोष्टीतल्या, पिएरस नावाच्या माणसाच्या नऊ मुलींचंही तेच. म्यूजांशी, म्हणजे कलांच्या देवींशी, गाण्यात हरल्या, चिडल्या, त्यांच्या पक्षिणी झाल्या. पण ती हकीकत सांगतंय कोण? म्यूजांपैकीच एक! हरलेल्यांचं गाणं तिने थोडक्यात उरकलं आणि आपल्याकडचं अख्खं ऐकवलं.

अथेनाला शेवटी कीव आली, हेही खरं. अरॅक्नीने अपमानाने गळफास लावून घेतला, तेव्हा देवीने तिला मरू दिलं नाही. लहानपणी इथे मला रडू यायचं. आज नुसता संताप येतो. जीव वाचवला, पण लटकतच ठेवली ना!

बाईंनीही नंतर मला नवा रुमाल दिला होता. कोरा. मी त्यावर काही भरलं नाही.

भाचीला म्हटलं, निकाल कोणी लावलाच नाही गं. ती म्हणाली, "मग उद्या बाईंना विचारते."

विचार बाळा.