मज्जा आहे बुवा तुझी!

पुण्यात पाय ठेवला की पहिलं वाक्य हेच. मावशी, आत्या, शेजारच्या काकू, सगळ्यांचं एकमत. अमेरिकेत म्हणे भांडी मशीन घासतं, कपडे मशीन धुतं. हो ना! आणि घड्या घालायला राष्ट्राध्यक्ष येतात! रात्री तीनला तापलेलं पोर खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालणारं मशीन कुठे मिळतं तेवढं सांगा, उद्याच आणते.

"तिकडे बायकांना केवढी समानता!" अहो, भारतात २०१७ पासून पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवडे भरपगारी रजेचा कायदा आहे. अमेरिकेत? १९९३ च्या कायद्याने १२ आठवडे. तेही बिनपगारी, तेही किमान ५० माणसांची कंपनी असेल आणि नोकरीला वर्ष झालं असेल तर. कसले डिंकाचे लाडू आणि कसली शेक-शेगडी! टाके सुकले नव्हते तोवर लॅपटॉप उघडला मी. आणि ज्या स्वित्झर्लंडचे फोटो बघून उसासे टाकता ना, तिथल्या बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला १९७१ साली. तेव्हा आपल्याकडे इंदिराबाई पंतप्रधान होत्या!

"नवरा मदत करतो हो, तिकडे राहून शिकला." मदत? पोर काय मी शेजाऱ्यांकडून आणलंय? त्याने एक डायपर बदलला की आत्याचे डोळे भरून येतात. मी हजार बदलले, तर "बाळाला रॅश कसा आला गं?"

आता नवीन टुमणं, दुसऱ्याचं कधी? तिकडे काय, डे-केअर असतंच की! असतं ना. त्याची महिन्याची फी ऐक आत्या, तूच म्हणशील एकच पुरे.