कण्हेरीच्या वाऱ्यानं माणूस मरत नाही

सोसायटीच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय: कण्हेरीच्या फुलांचा वास घेतला तर हृदय बंद पडतं, झाड लगेच तोडा. आमच्याकडे दोघांनी कोयता काढलाही!

यातलं अर्धं खरं आहे. कण्हेर विषारी आहे. पान, फूल, खोड, मूळ, सगळीच. तिच्यातलं ओलिअँड्रिन हे विष हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडवतं. पण त्यासाठी ते पोटात जावं लागतं. नुसत्या वासानं किंवा शेजारून गेल्यानं काही होत नाही. तसं असतं, तर महामार्गांच्या दुभाजकात ती रांगेनं लावली नसती. पाणी कमी लागतं, बारा महिने हिरवी राहते आणि गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून तर तिथे तिची निवड होते.

केरळमध्ये २०२४ साली मंदिरांचा कारभार पाहणाऱ्या देवस्वम मंडळांनी नैवेद्य-प्रसादात ही फुलं वापरणं थांबवलं, तेही ती पोटात जाऊ नयेत म्हणूनच.

मेसेजमधला फोटो तर बिट्टीचा आहे. पिवळी घंटेसारखी फुलं, हिरवी टणक फळं. तिला पिवळी कण्हेर म्हणतात, पण झाड वेगळं. कण्हेरीची पानं बहुधा तीन-तीनच्या घेरात येतात आणि शेंगा लांब, बारीक असतात. बिट्टीही विषारीच, आणि तिच्या बिया पोरं खेळायला घेतात, म्हणून मला तिचीच जास्त धास्ती.

छाटणी करताना हातमोजे घाला. छाटलेल्या फांद्या मात्र जाळू नका, तो धूर खरोखर घातक असतो. कुणी पान-फूल चघळलंच, तर घरगुती उपाय न करता थेट दवाखाना गाठा.