दारातच आधार कार्ड

बेळगावच्या शहापुरातल्या जुन्या वाड्यात पाहुणा आधी ओट्यावर टेकतो, मग सोप्यात पाणी पितो. माजघरापर्यंत जायला सोयरीक लागते, देवघरात शिरायला आंघोळ. मोबाईलवरच्या अर्जाला एवढा दम कुठला? गळक्या नळाची तक्रार करायला जावं, तर उंबऱ्यावरच आधार, लोकेशन आणि माझ्या सगळ्या मावश्यांचे नंबर!

ख्रिस्तोफर अलेक्झांडर या वास्तुरचनाकाराने १९७७ साली सहकाऱ्यांबरोबर घर-गाव बांधण्याचे २५३ नमुने मांडले. त्यातला १२७ वा नमुना नेमका हाच: दारापासून आत जाल तसतशा खोल्या खासगी होत जाव्यात. सॉफ्टवेअरवाल्यांनी १९८७ पासून त्याचे 'पॅटर्न' उचलले. ओटा तेवढा रस्त्यावर राहिला.

ओटा म्हणजे काय, तर लॉगिन न मागणारं पहिलं पान. कागद कुठले, फी किती, हे तिथंच लिहायचं, आणि बेळगावात ते मराठीतही असलं तर कुणाचं काही बिघडत नाही. कॅमेऱ्याची परवानगी फोटोचं बटण दाबल्यावर. आधार अगदी शेवटी, खरंच लागत असेल तर.

जिन्याचं गणित आणखी कडक. पायरी १५ सेंमी उंच, ३० सेंमी रुंद असली की पाय आपोआप पडतो. मधलीच एखादी पायरी दोन सेंमी जास्त उंच झाली की माणूस तोंडावर आपटतो. अर्जात चार पानं 'पुढे' हे बटण उजवीकडे खाली असतं. पाचव्या पानावर त्याच जागी 'रद्द करा'. अंगठा सवयीचा गुलाम, तो वाचत नाही.

"काका, गेलं की हो सगळं. परत पयल्यापासनं भरायचं," झेरॉक्सवाला शांतपणे सांगतो.

वेळ संपली की अर्ज बंद होतो, हे तसं बरोबरच. दुकानातल्या त्याच संगणकासमोर पुढचं गिऱ्हाईक बसणार असतं. पण खानापूरच्या जंगलपट्ट्यात ओटीपी रेंज शोधत येतो, त्याला घड्याळ कोण दाखवणार? वेबसाइट अपंगांसकट सगळ्यांना वापरता यावी म्हणून एक मानक आहे. ते म्हणतं, वेळ संपण्याआधी सांगा, मुदत वाढवायला निदान २० सेकंद द्या, आणि ती दहादा वाढवू द्या. शिवाय प्रत्येक पान भरलं की मसुदा आपोआप जतन व्हावा. जिन्यात टेकायला चौक ठेवतात तो याचसाठी.

फोटो ५० केबीच्या आत हवा, हे मात्र फोटो चढवल्यावरच कळतं. खरं तर तो बारीक करणं हे ॲपचं काम. सध्या ते झेरॉक्सवाला दहा रुपयांत करतो. वर "चष्मा काढायला पायजे होता" हा सल्ला फुकट.