पांढऱ्या कडेची गोगलगाय कुणाचं पिल्लू नाही

इंग्लंड-जर्मनीतल्या बागांमध्ये दिसणाऱ्या पट्टेरी गोगलगायींबद्दल एक दावा हौसेने पुढे ढकलला जातो. तपकिरी कडेची मोठी म्हणे नर, पांढऱ्या कडेची लहान ती मादी किंवा पिल्लू. शिवाय पिवळी, गुलाबी, बिनपट्ट्यांची या सगळ्या निरनिराळ्या जाती. म्हणजे जिथे दोन जाती आहेत तिथे एकच मानायची, आणि जिथे एक आहे तिथे चार!

नर-मादीचं आधी मिटवू. या गोगलगायी उभयलिंगी आहेत, प्रत्येकीत दोन्ही अवयव असतात.

आता पिल्लू. शंखाच्या तोंडाशी जाड कडा येते तीच मुळी वाढ पूर्ण झाल्यावर, आणि मग शंख मोठा होत नाही. पिल्लाच्या शंखाचं तोंड पातळच राहतं. तेव्हा पांढरी कडा हा वयात आल्याचाच पुरावा. ही बहुतेक वेळा सेपिया हॉर्टेन्सिस. तपकिरी कडेची ती सेपिया नेमोरॅलिस. पहिलीचा शंख साधारण 14 ते 20 मिलिमीटर रुंद, दुसरीचा 18 ते 25. मधल्या मापाला नुसती पट्टी लावून काही कळत नाही.

रंगाचा मुद्दा जास्त रंजक आहे. पिवळा, गुलाबी, तपकिरी आणि शून्य ते पाच पट्टे ही आनुवंशिक विविधता दोन्ही जातींत आहे. इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डच्या परिसरात केन आणि शेपर्ड या जीवशास्त्रज्ञांनी 1950च्या दशकात नेमोरॅलिसवर काम केलं. थ्रश पक्षी शंख दगडावर आपटून फोडतो. त्या फुटलेल्या शंखांची त्यांनी जिवंत गोगलगायींशी तुलना केली. आसपासच्या रंगात न मिसळणारे शंख जास्त बळी पडत होते. गवतात पिवळे पट्टेरी, बीच नावाच्या झाडांच्या रानात तपकिरी-गुलाबी बिनपट्ट्यांचे जास्त, ते यामुळे. सगळंच थ्रशच्या माथी मारता येत नाही. फिके शंख उन्हात कमी तापतात, तेही धरावं लागतं. पण रंगावरून जात ठरत नाही, हे नक्की.

दावा खोडणारेही एक चूक करतात: कडेचा रंग अंतिम मानतात. पश्चिम आयर्लंडात पांढऱ्या कडेची नेमोरॅलिस आढळते, आणि क्वचित गडद कडेची हॉर्टेन्सिसही. खात्री हवी असेल तर समागमावेळी जोडीदाराला टोचायचा चुनखडीचा बाण पाहावा लागतो. त्याला चार पाती असतात. नेमोरॅलिसची साधी, हॉर्टेन्सिसची कडेला दुभंगलेली. त्यासाठी गोगलगाय चिरावी लागते. फोटोवरून छातीठोक नाव सांगणाऱ्यांनी तेवढं केलेलं नसतं.