इथे काहीच नाही!

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात चिप्पेवा नदीकाठी राहणारा माणूस तसा मोकळा. गुडघ्याचं ऑपरेशन, दुसरा घटस्फोट, मत कोणाला दिलं, सगळं न विचारता सांगतो. फक्त 'मस्की कुठे लागतो?' असं विचारू नका. तो आधी ढगांकडे बघतो, मग हात पसरून अख्खी नदी दाखवतो आणि म्हणतो, "नदीत."

मस्की हा १९५५ पासून या राज्याचा अधिकृत मासा. दहा हजार वेळा गळ टाकाल तेव्हा एक लागेल, अशी त्याची ख्याती. हेवर्ड गावात त्याचा फायबरग्लासचा १४३ फूट लांब पुतळा आहे, जबड्यात चढून फोटो काढता येतो. राज्यात हमखास सापडणारा मस्की तेवढाच.

शास्त्र म्हणाल तर सोपं आहे. हा गडी धारेत पोहत बसत नाही, आळशी आहे. धारेच्या शेजारी जिथे पाणी थबकतं तिथे दबा धरतो: मोठ्या दगडामागे, आडव्या पडलेल्या झाडाखाली, वळणाच्या बाहेरच्या काठाच्या डोहात, ओढा मिळतो त्या तोंडाशी. उन्हाळा सरताना पाणी उतरलं की डोहात गोळा होतो, पूर आला की काठाला चिकटतो. अडचण एवढीच, की आमच्या नदीत झाडं, दगड आणि वळणं सोडून दुसरं काही नाहीच. त्यातून पाणी २७ अंशांच्या वर तापलं की पकडून सोडलेला मस्कीही दगावू शकतो, म्हणून शहाणी माणसं तेव्हा गळ टाकत नाहीत. म्हणजे हवा छान असताना घरी बसायचं आणि नोव्हेंबरात बोटं बधिर झाली की नदीवर जायचं.

चाळीस इंचांखालचा मस्की ठेवायचा नाही असा नियम आहे, आणि वरचाही बहुतेक जण सोडूनच देतात. हे मालवणला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली, "खावचो नाय तर धरतस कित्याक?" यावर माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

बरं, जागा सापडली म्हणजे मासा मिळाला असंही नाही. मस्की आमिषामागे थेट होडीपर्यंत येतो आणि नुसता बघत राहतो. त्याला भुलवायला काठीचं टोक पाण्यात बुडवून इंग्रजी आठचा आकडा काढत राहायचं. काठावरच्यांना वाटत असणार, हा इसम नदीत पिठलं ढवळतोय.

असाच एक लांबलचक हिरवट मस्की ओढ्याच्या तोंडाशी, पडलेल्या मेपलखालून माझ्या आमिषामागे आला. दात दाखवून गेला, पण जागा कळली! पुढच्या शनिवारी उजाडायच्या आत पोचलो, तर मेपलखाली ॲल्युमिनियमची होडी आणि तीत एक आजोबा.

"इथे काहीच नाही," त्यांनी लांबूनच सांगितलं. "तासभर बसलोय. पुलाखाली जा, तिथे भरपूर आहेत."

आजोबांच्या बाह्या कोपरापर्यंत भिजल्या होत्या. मांडीवर माशाच्या तोंडातून गळ काढायची लांब पक्कड होती आणि भल्यामोठ्या जाळ्यातून पाणी निथळत होतं.

"पुलाखालूनच येतोय," मी म्हणालो. "तिथे तर नुसती धमाल चाललीय. तुम्हीच जा, मी काय, नवशिका."

आजोबांनी पुलाकडे पाहिलं. मीही पाहिलं. जागचं मात्र कोणीच हललं नाही.