वकिलीची सनद मिळण्याआधी रुग्णालयात काय करता येते?

तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात किमान १२ आठवड्यांची इंटर्नशिप सक्तीची आहे. आमच्यातले बहुतेक जण ते आठवडे एखाद्या वकिलाच्या चेंबरमध्ये तारखा टिपण्यात आणि झेरॉक्स काढण्यात घालवतात. नियमांनी स्वयंसेवी संस्थेत काम करण्याची मुभा दिलेली असताना त्यातले निदान चार आठवडे रुग्णहक्कांवर काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत जावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

मी ते दुसऱ्या वर्षी केले. पहिल्याच आठवड्यात एका धर्मादाय रुग्णालयाच्या बिलिंग काउंटरपाशी एक काका भेटले. त्यांची मुलगी अतिदक्षता विभागात होती, काउंटरवरून डिपॉझिट आणि तहसीलदारांचा दाखला मागितला जात होता, आणि काकांच्या हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत पिवळे रेशनकार्ड होते. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार अशा रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि आणखी १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात राखून ठेवायच्या असतात. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता दाखल करून घ्यायचे असते, आणि उत्पन्नाच्या पडताळणीसाठी दाखल्याऐवजी दारिद्र्यरेषेखालील रेशनकार्डही चालते. हे सारे आम्ही परीक्षेपुरते वाचलेले असते. काकांनी त्यातले एक अक्षरही ऐकलेले नव्हते.

मी तिथेच एका कोऱ्या कागदावर वैद्यकीय समाजसेवकांच्या नावे अर्ज लिहिला, खाली काकांची सही घेतली आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. खरी मेख त्या पोचेत असते, कारण पोच दिली की नकारही लेखी द्यावा लागेल, हे समोरच्याला कळते. तासाभराने डिपॉझिटचा विषय मागे पडला. औषधांच्या बिलासाठी मात्र पुढे आणखी तीन अर्ज करावे लागले.

याला वकिली म्हणू नये. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने सनदेविना वकिली करण्यास मनाई केली आहे आणि ती मर्यादा मला मान्य आहे. आम्ही नोटीस काढत नाही, कोणाची बाजू मांडत नाही. अर्ज रुग्णाचा आणि सहीही त्याचीच. दुसरी मर्यादा आपली आपणच घालून घ्यावी लागते. नव्या विद्यार्थ्याला प्रत्येक मृत्यूत हलगर्जीपणा दिसू लागतो (मलाही दिसला होता), आणि अशा वेळी ‘जेकब मॅथ्यू’ हा वैद्यकीय निष्काळजीपणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा २००५ चा निकाल आधी नीट वाचावा. फौजदारी खटल्यासाठी घोर निष्काळजीपणा लागतो, त्यावर दुसऱ्या डॉक्टरचे निष्पक्ष मतही लागते. नातेवाइकांना भडकवण्यापेक्षा केसपेपरच्या प्रतींसाठी अर्ज लिहून देणे अधिक उपयोगाचे, कारण त्या ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

मुलीला घरी सोडले त्या दिवशी काकांनी मला ‘वकीलसाहेब’ म्हटले. अजून दीड वर्ष आहे, असे मी सांगितले. त्यांनी ते मनावर घेतले नाही आणि शेजारच्या खाटेवरच्या आजींचे रेशनकार्ड माझ्या हातात ठेवले. ते केशरी होते.